टेंबवाडीचं एकमत

मनुष्यबळ व्यवस्थापन शिकणाऱ्या नीलेशला अभ्यासापुरतंही मनुष्यबळ मिळेना, इथून सगळ्याला सुरुवात झाली. दोन हजार तीन साल. महाडला एका नव्या कॉलेजाने पत्र्याच्या शेडमध्ये 'संघटनात्मक नेतृत्व आणि मनुष्यबळ व्यवस्थापन' या नावाची पदविका सुरू केली होती. पाटी शेडपेक्षा लांब होती. नीलेश बिरवाडीत तिघांबरोबर खोली घेऊन राहायचा, दुपारच्या पाळीत कारखान्यात ड्रम उचलायचा आणि सकाळी वर्गात बसून 'माणसांना कामाची प्रेरणा कशी द्यावी' हे वहीत उतरवून घ्यायचा. त्याला स्वतःला प्रेरणा एकच होती. कारखान्याची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातले काशीरामभाऊ जूनअखेर निवृत्त होत होते आणि साहेबांनी नीलेशला शब्द दिला होता, "पदविका आण आणि त्या खुर्चीत बस." टाइम ऑफिसात पंखा होता. ड्रमच्या गोदामात नव्हता.

पदविकेसाठी शेवटी एक प्रकल्प करायचा होता. एखादी संघटना निवडायची, तिथल्या चाळीस सभासदांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि ते आपल्या नेत्यावर किती समाधानी आहेत याचा अहवाल लिहायचा. नीलेश कॉलेजचं पत्र घेऊन आपल्याच कारखान्याच्या गेटवर गेला. रोज दुपारी त्याला आत सोडणाऱ्या वॉचमनने त्या दिवशी दांडा आडवा धरला.

"ड्रम उचलायचे तर आत ये. प्रश्न विचारायचे तर भायेर थांब."

साहेबांनी निदान बसायला सांगितलं. "तू कामगारांना विचारणार, समाधानी आहात का. बरोबर? म्हणजे आजवर ज्यांच्या डोक्यात हा विचार आलेला नाही, त्यांच्याही डोक्यात येणार. नको रे बाबा." आणखी दोन कारखान्यांत तर त्याला युनियनचा माणूस समजून हाकलून दिलं.

"कारखानाच हवा असं कुठंय?" कॉलेजातल्या संजीवनी मॅडम म्हणाल्या. मॅडम पुण्याच्या होत्या आणि त्यांना आकडेवारी मनापासून आवडायची. "कुठलीही संघटना चालेल. नेता हवा, सभासद हवेत, नियम हवेत."

नीलेशच्या डोळ्यांपुढे आपली वाडी आली. पोलादपूर तालुक्यात उमरठच्या वर तासाभराच्या चढावर टेंबवाडी, घरं मोजून चाळीस. वाडीची गावकी होती. गावकीचे नियम होते, बैठकीला न येणाऱ्याला नारळाचा दंड होता, पालखीच्या पाळ्या होत्या, लग्नाकार्याची मोठी भांडी होती. आणि गेली सव्वीस वर्षं गावकीचे पुढारी येसाजीबाबा होते. पुस्तकातली संघटना याहून काय वेगळी असते, असं मनाशी म्हणत नीलेश चाळीस कोरे फॉर्म पिशवीत घालून रविवारी डोंगर चढला. बिचाऱ्याने त्याच दिवशी पाय मोडून घेतला असता तरी बरं झालं असतं.

फॉर्मवर बारा प्रश्न होते आणि प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकटी: पूर्ण समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, पूर्ण असमाधानी. नीलेशने घरोघर जाऊन फॉर्म वाटले आणि सगळ्यांना बजावलं की ज्याने त्याने आपल्या मनाने भरायचा, नाव घालायचं नाही, कुणाला दाखवायचा नाही. पुढच्या रविवारी तो गोळा करायला आला तेव्हा फॉर्मचा सगळा गठ्ठा येसाजीबाबांकडे होता, सुतळीने नीट बांधलेला.

"बैठक घेतली रे," येसाजीबाबा म्हणाले. "एकेका प्रश्नाला तासतास चर्चा झाली. पाचव्या प्रश्नाला तर चा प्यायला उठलो."

"बाबा, पण प्रत्येकानं वेगळं भरायचं होतं."

"वेगळं कसं भरायचं? वाडीचं मत एकच असतं. चाळीस घरांनी चाळीस तोंडं केली तर पालखी जागची हलंल काय?"

गावकीची वही लिहिणाऱ्या सखाने चाळीसही फॉर्म एकाच पेनाने आणि एकाच वळणदार अक्षरात भरले होते. प्रत्येकावर बाराच्या बारा खुणा 'पूर्ण समाधानी'च्या चौकटीत होत्या. शेवटी 'इतर सूचना' अशी ओळ होती, तिथे चाळीस वेळा लिहिलं होतं, 'टाकीचा नळ गळतो, तरी कॉलेजने लक्ष घालावे.'

मॅडमनी पहिला फॉर्म पाहिला, दुसरा पाहिला, मग चाळिसावा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"नीलेश, हे सगळं तुम्ही खोलीवर बसून भरलंत."

"नाही मॅडम! आमच्यात तसंच असतं. सगळ्यांचं मत एकच असतं."

"विचलन शून्य आलंय. चाळीस जिवंत माणसांचं विचलन शून्य येत नाही. स्मशानात येतं." मग त्यांना दया आली असावी. "पंधरा दिवस देते. नवे फॉर्म भरून आणा. खरी माणसं, खरी मतं. नाहीतर प्रकल्प नापास, म्हणजे पदविका गेली."

पदविका गेली म्हणजे खुर्ची गेली, खुर्ची गेली म्हणजे पंखा गेला. नीलेश पुन्हा डोंगर चढला आणि देवळाच्या पारावर भरलेल्या बैठकीत त्याने जवळजवळ रडत सगळं सांगितलं. मतं वेगवेगळी नसली तर आपण बुडालो, हे त्याचं शेवटचं वाक्य होतं. पुरुषांच्या मागे बायकांत बसलेली त्याची आई, जनी, पदराने डोळे पुसायला लागली.

येसाजीबाबा मनाने मोठा माणूस. ते म्हणाले, "एवढंच ना? तुला येगळी मतं पायजेत, आमी देऊ. किती पायजेत?"

"किती असं नाही बाबा, ज्याचं जे खरं..."

"सखा, वही काढ. पालखीच्या पाळ्या लावतो तशा लाव." आणि येसाजीबाबांनी बसल्या जागेवरून वाडी वाटून टाकली. खालच्या आळीची दहा घरं पूर्ण समाधानी. देवळामागची बारा समाधानी. टाकीकडची सहा 'सांगता येत नाही'. वरच्या आळीची आठ असमाधानी. आणि अगदी टोकाची चार घरं, चांगूचं धरून, पूर्ण असमाधानी. "आणि या बारीला ज्यानं त्यानं आपापल्या अक्षरात लिवायचं. पोराचं नुसकान होता कामा नये."

नीलेशला कळत होतं की हे चुकतंय. त्याने तोंड उघडलंही होतं. पण जून पंचवीस दिवसांवर आला होता आणि वाडी इतक्या मायेने त्याच्याकडे बघत होती, की त्याने ते तोंड तसंच मिटून घेतलं. पुढे कितीतरी दिवस तो त्या मिटलेल्या तोंडाला शिव्या देत होता.

पहिली कुरबुर टाकीकडून आली. "आमाला सांगता येत नाय? का म्हून? आमी काय मुके हाव?" तिथल्या सुंदराबाईंनी भर वाटेत नीलेशला अडवलं. त्यांची समजूत घालेपर्यंत चांगूकाका येऊन उभा राहिला. चांगू म्हणजे वाडीतला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस. म्हशी राखायच्या आणि कुणी काही म्हटलं की मान हलवायची, एवढंच त्याला ठाऊक.

"नीलेश, पूर्ण असमाधानीपुढं 'कारण लिहा' असं हाय. कारण काय लिवू?"

"लिहा काहीतरी काका."

"काहीतरी कसं? तुझ्या शिक्षणाचा प्रश्न हाय. इचार करून लिवतो."

आणि चांगूने विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी विचार करायचं काम दिलं होतं. तीन दिवस म्हशी चरत होत्या आणि चांगू दगडावर बसून आपण कशाकशावर असमाधानी असू शकतो हे आठवत होता. आधी काही सुचेना. मग त्याला आठवलं की पाण्याची टाकी बांधली ती येसाजीच्या परसाला लागून, आणि टोकाच्या घरांना अजून दोन हांडे डोक्यावर आणावे लागतात. मग आठवलं की पालखी त्याच्या दारात सगळ्यात शेवटी येते, तोवर भोयांचे खांदे दुखायला लागलेले असतात आणि आरती दोन कडव्यांत उरकतात. एकोणीस वर्षं उरकतात! रात्री जेवताना त्याने हे बायकोला, तुळसाकाकीला, सांगितलं आणि तिने भाकरी थापता थापता आणखी अकरा गोष्टी सांगितल्या. चौथ्या दिवशी चांगू बिरवाडीला नीलेशच्या खोलीवर हजर.

"नीलेश, जागा पुरली नाय. पुरवणी हाय काय?"

बाकीच्या तीन पूर्ण असमाधानी घरांनीही पुरवण्या जोडल्या. असमाधानी आठ घरांनी वरच्या टोकाचं वाचून आपापले फॉर्म सुधारून घेतले. इतकंच काय, समाधानी म्हणून नेमलेल्यांपैकी पाच जण येऊन कुजबुजले, "आमची पाळी बदलून मिळंल काय रे?" रविवारी नीलेशने वाडीत येऊन गठ्ठा उचलला आणि सटकायला निघाला. पण वाटेत येसाजीबाबांचं घर होतं.

"बघू दे रे, नीट भरलंय काय सगळ्यांनी," म्हणून त्यांनी गठ्ठा हातात घेतला. फॉर्मवर नाव नव्हतं, पण कुठल्या घराला कुठलं मत दिलंय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पुरवण्यांसकट त्यांनी सगळं वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी गठ्ठा पुन्हा सुतळीने बांधून नीलेशच्या हातात दिला.

"मी चांगूला कागदावर असमाधानी राहा म्हनून सांगितलंवतं," ते शेवटी म्हणाले. "मनातून नाय."

त्याच संध्याकाळी येसाजीबाबांनी गावकीच्या भांड्यांच्या खोलीची किल्ली देवळाच्या पायरीवर आणून ठेवली आणि हात जोडून घरी निघून गेले. किल्ली हे गावकीचं पुढारपण. जो उचलेल तो पुढारी. आठवड्यावर सुंदराबाईंच्या सोनालीचं लग्न होतं आणि भाताची पातेली, वाढायची पिंपं, परातीसकट सगळं त्या कुलपाच्या आत होतं. किल्ली चार दिवस पायरीवर पडून राहिली. येणारे-जाणारे तिला वळसा घालून देवाला नमस्कार करायचे. खालची आळी वरच्या आळीशी बोलेना, टाकीकडचे लोक दोघांशी बोलेनात, आणि देवळात पहिल्यांदाच दोन वेगवेगळ्या आरत्या झाल्या.

"तू नेतृत्व शिकतोस ना? मग उचल किल्ली!" सुंदराबाई नीलेशवर कडाडल्या. "माज्या पोरीच्या लग्नात काय द्रोणात भात शिजवू?"

नीलेशने 'संघर्ष व्यवस्थापन' हे प्रकरण दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की दोन्ही पक्षांना गोलाकार बसवावं. त्याने बसवलं. दोन्ही पक्ष एकमेकांकडे पाठ करून गोलाकार बसले. आई त्या दिवशी त्याला म्हणाली, "तू ड्रमच उचलीत ऱ्हायला असतास तर बरा होता रे." आणि आईचं म्हणणं खोटं होतं असं त्याला म्हणवेना. चाळीस घरांची एक वाडी सव्वीस वर्षं गुण्यागोविंदाने चालली होती आणि आपण बारा प्रश्नांत तिचा निकाल लावला, हेच त्याच्या मनात घोळत राहिलं.

मॅडम मात्र गठ्ठा पाहून हरखल्या. "वा! याला म्हणतात डेटा! काय सुंदर विचलन आलंय! आणि या पुरवण्या तर... नीलेश, हा माणूस कोण आहे, एकोणीस वर्षं दोन कडव्यांची आरतीवाला? इतकं प्रामाणिक उत्तर मी पाहिलेलं नाही." नीलेशला टाइम ऑफिसातला पंखा दिसायला लागला. पण मॅडमचं पुढचं वाक्य यायचं होतं. "सही करण्याआधी मी स्वतः येऊन दोन-तीन जणांशी बोलणार आहे. तुमच्या पहिल्या गठ्ठ्यानंतर मला तेवढी खात्री करावीच लागेल. परवा येते."

नीलेश घाबरला नाही. उलट, या वेळी सगळं खरं होतं. वाडीत खरोखरची भांडणं होती, कुणालाही विचारा. तो वर गेला आणि देवळापुढे उभा राहून त्याने दोन्ही आळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "परवा कॉलेजच्या मॅडम येतायत. आपल्यात काय काय बिनसलंय ते विचारणार. जे आहे ते खरं सांगा, म्हणजे माझी सही होईल."

एवढं सांगून तो पाळीला बिरवाडीला गेला. मागे काय झालं ते त्याला नंतर कळलं. वाडीने त्याच्या बोलण्यातला अर्धाच भाग ऐकला होता. परगावची बाई वाडीचं भांडण बघायला येणार आणि आपल्या पोराचे कागद खरे की खोटे ते तपासणार! वाडीत काहीही होवो, ते परक्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हा गावकीचा वहीत न लिहिलेला पहिला नियम. तासाभरात चांगू येसाजीबाबांच्या अंगणात जाऊन उभा राहिला. येसाजीबाबा म्हणाले, "पालखी औंदा तुझ्या दारापासून सुरू." चांगूने मान हलवली. मग दोघं मिळून देवळात गेले आणि येसाजीबाबांनी पायरीवरची किल्ली उचलून करगोट्याला बांधली.

मॅडम डोंगर चढून आल्या तेव्हा त्यांच्या चपलेचा एक पट्टा तुटला होता. देवळात चटई अंथरली होती, कोकम सरबत तयार होतं, आणि खालची आळी वरच्या आळीच्या मांडीला मांडी लावून बसली होती.

"तुमच्यात काही मतभेद आहेत असं मला कळलंय," मॅडमनी वही उघडून विचारलं.

"मतभेद?" येसाजीबाबांनी इकडेतिकडे पाहिलं. "आमच्यात? नाय बा."

"पाण्याच्या टाकीवरून?"

"टाकी अगदी योग्य जागी हाय," टोकाच्या घरातली, रोज दोन हांडे डोक्यावरून नेणारी तुळसाकाकी म्हणाली.

मॅडमनी पुरवण्या काढल्या. "हे कुणी लिहिलंय? पालखी शेवटी येते, आरती उरकतात..."

"छ्या!" चांगू म्हणाला. "सोन्यासारखी आरती व्हते."

"काका!" नीलेश ओरडलाच. "काका, खरं सांगा! तुम्हीच लिहिलंय ना? तुम्ही पुरवणी मागायला बिरवाडीला आला होतात!"

"मी? मी कवा आलो बिरवाडीला?" चांगूने असं म्हणून नीलेशकडे बघून एक डोळा मिटला. काळजी करू नकोस, आम्ही आहोत, असा त्या डोळ्याचा अर्थ होता. नीलेशने आईकडे पाहिलं. तिनेही मान ताठ करून सांगितलं, "आमच्या वाडीत कुनाचं कुनाशी वाकडं नाय, बाई. माझा पोरगा खोटं लिवायचा नाय."

"पण त्याने तर लिहिलंय की वाकडं आहे," मॅडम म्हणाल्या.

यावर मात्र वाडीने काही ठरवलेलं नव्हतं. तेवढ्यात सुंदराबाई सरबताचा दुसरा पेला घेऊन पुढे आल्या.

उतरून उमरठला एसटीची वाट बघताना मॅडम म्हणाल्या, "पहिल्यांदा चाळीस सारखी उत्तरं बनवलीत. मी बोलले म्हणून चाळीस वेगळी बनवलीत. नीलेश, तुमच्याकडे कल्पनाशक्ती आहे, पण हा विषय तिचा नाही." नीलेशने सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाळ्या, किल्ली, दोन आरत्या, डोळा. सांगता सांगता त्याला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं.

प्रकल्प नापास झाला. सोनालीचं लग्न मात्र थाटात झालं. पंगती उठल्या, भांडी घासून पुन्हा कुलपात गेली. जूनअखेर काशीरामभाऊ निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत साहेबांचा भाचा बसला. नीलेश ड्रम उचलत राहिला आणि बरेच रविवार वाडीकडे फिरकला नाही. शेवटी आईने निरोप धाडला की गावकीने बैठक बोलावली आहे, तुझाच विषय आहे, आला नाहीस तर नारळ लागेल.

बैठकीला चाळीसही घरं हजर होती. येसाजीबाबांनी घसा खाकरला. "आपला नीलेश आपल्यासाठी लई राबला. डोंगर चढला, उतरला. त्या बाईंनी त्याला नापास केला, हे वाडीला मान्य नाय. म्हनून गावकी ठरवते की नीलेश पास."

"बाबा," नीलेश उठून उभा राहिला. "असं नसतं बाबा. मी नापास झालोय. कागद आहे माझ्याकडे. टाइम ऑफिसातली खुर्ची गेली माझी."

"ते कालेजात रे. हितं तू पास." येसाजीबाबांनी ते अगदी प्रेमाने सांगितलं. "गणपतीला मुंबईवाले आले की गुणवंतांचा सत्कार असतो. त्यात तुझं नाव पयलं. शाल तुळसानं पसंत केलीया. सखा, लिव. कुनाचं काय म्हननं?"

कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. तरीही मधल्या भानगडीनंतर येसाजीबाबा सावध झाले होते. ते म्हणाले, या बारीला हात वर करून घ्या, मागनं पुरवण्या नकोत. चांगूचा हात सगळ्यात आधी वर गेला. मग खालची आळी, वरची आळी, टाकीकडची घरं. सुंदराबाईंनी दोन्ही हात वर केले.

"एक घर ऱ्हायलं," सखा वहीतून डोकं वर न काढता म्हणाला.

सगळी वाडी वळून नीलेशकडे बघायला लागली. वडील गेल्यापासून त्या घराचा हात त्याचाच होता. आई मागून डोळ्यांनी खुणावत होती. हा ठराव खोटा आहे, अन्याय आहे, वेडेपणा आहे, हे सगळं त्याला सांगायचं होतं, आणि ते सांगण्याचा हक्क वाडीत फक्त त्याला होता. त्याने सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे एकदा नीट पाहिलं.

मग त्याने हात वर केला, आणि सखाने वहीत 'एकमताने मंजूर' असं लिहून त्याखाली रेघ ओढली.